नाळेवरचा सिंह

जुन्या युद्धनौकांवर तोफेच्या प्रत्येक खिडकीला एक लाकडी झाकण असे. वरच्या बाजूला बिजागरीनं अडकवलेलं. दोरी ओढली की ते छपरीसारखं वर उचललं जाई. एरवी लाटांचं पाणी आत येऊ नये म्हणून बंद ठेवायचं आणि तोफ डागायच्या वेळी उघडायचं, एवढंच त्याचं काम. पण ‘वासा’ या स्वीडिश युद्धनौकेच्या कारागिरांनी या झाकणांच्या आतल्या बाजूवर सिंहाची तोंडं कोरली होती. झाकण मिटलेलं असेपर्यंत सिंह अंधारात. झाकण वर गेलं की लाल रंगावरचे सोनेरी जबडे ओळीनं दिसू लागत आणि प्रत्येक जबड्याखालून तोफेची नळी बाहेर सरकत असे.

१० ऑगस्ट १६२८ रोजी वासा स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्यांदा निघाली, तेव्हा ही झाकणं उघडी होती. तोफांची सलामी द्यायची होती, काठावर माणसं जमली होती. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं आणि कसंबसं सावरलं. दुसऱ्या झोतानं ते डाव्या अंगावर इतकं झुकलं, की खालच्या रांगेतल्या उघड्या खिडक्या पाण्याला टेकल्या. जेमतेम तेराशे मीटर अंतर कापून वासा ३२ मीटर खोल तळाशी गेली. सुमारे ३० माणसं बुडाली.

ज्या दारांतून सिंह जगाला दाखवायचे होते, त्याच दारांतून समुद्र आत आला. एवढा खर्च, एवढी कलाकुसर आणि अर्ध्या तासाचाही प्रवास नाही! पण या अपघातामुळेच एक गोष्ट आपल्या हाती लागली आहे. शिडाच्या जहाजांवर कोरीवकाम नेमकं कशासाठी करत, याचं उत्तर वासाइतकं स्पष्ट दुसरं कुठलंच जहाज देत नाही.

गाळात जपलेला दरबार

लाकडी जहाजं सहसा उरत नाहीत. लढाईत जळतात, खडकावर फुटतात, म्हातारी झाली की सरपणासाठी फोडली जातात. बुडालेल्या जहाजाला समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा खाऊन टाकतो. बाल्टिक समुद्राचं पाणी मात्र इतकं कमी खारट, की तिथं हा किडा जगत नाही. म्हणून वासा उरली. तिच्यावरची शिल्पं लोखंडी खिळ्यांनी ठोकलेली होती. वर्षानुवर्षं गंजून खिळे संपले, शिल्पं एकेक करून सुटली आणि खालच्या मऊ गाळात रुतली. त्या गाळानंच त्यांना जपलं.

अँडर्स फ्रान्सेन या संशोधकानं १९५६ साली जहाजाचा ठावठिकाणा लावला. २४ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे ३३३ वर्षांनी, वासा पाण्यावर आली. पाण्यानं फुगलेलं लाकूड तसंच वाळू दिलं असतं तर ते आक्रसून तडकलं असतं. म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचा फवारा त्यावर १७ वर्षं मारण्यात आला. गाळातून पाणबुड्यांनी वर आणलेल्या शिल्पांची जागा ठरवणं हे तर एक मोठं कोडंच होतं. कुठलं शिल्प कुठं ठोकलेलं होतं, हे खिळ्यांच्या भोकांवरून आणि लाकडाच्या आकारावरून जुळवावं लागलं.

ते जुळलं तेव्हा समोर उभा राहिला एक दरबारच. सुमारे ५०० शिल्पं आणि त्याखेरीज २०० नक्षीचे तुकडे. ओक, पाइन आणि लिंडेन या झाडांच्या लाकडातून ते घडवलेले. मोर्टेन रेडमर हा त्यातला मुख्य शिल्पकार. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकावर, झेप घेणारा सिंह. तीन मीटर लांब, साडेचारशे किलो वजनाचा, वेगवेगळे भाग कोरून मग बोल्टनं जोडलेला. त्याच्या पंजांत राजघराण्याचं चिन्ह, धान्याची पेंढी. स्वीडिश भाषेत पेंढीला जो शब्द आहे, त्यावरूनच घराण्याला आणि जहाजाला ‘वासा’ हे नाव मिळालं.

लाकडात कोरलेला युक्तिवाद

ही सजावट राजेशाही हौस म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यामागे एक भाऊबंदकी आहे.

वासा बांधून घेणारा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ हा स्वीडनच्या गादीवर होता, पण त्या गादीवर हक्क सांगणारा दुसरा माणूसही जिवंत होता. त्याचा चुलतभाऊ सिगिस्मंड. तो आधी स्वीडनचाही राजा होता. १५९९ साली त्याला पदच्युत करण्यात आलं, पण पोलंडची गादी त्याच्याकडेच राहिली आणि स्वीडनवरचा दावा त्यानं सोडला नाही. १६२८ साली दोन्ही देशांत युद्ध चालू होतं. म्हणजे ‘खरा राजा कोण?’ हा वाद उघडाच होता आणि त्या वादातली एक बाजू वासाच्या लाकडावर कोरलेली आहे.

नाळेच्या दोन्ही बाजूंना रोमन सम्राटांचे २० पुतळे आहेत, टायबेरियसपासून सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत, अगदी कालक्रमानं. पण रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस त्या रांगेत नाही. विसरला म्हणावं, तर बाकीची यादी इतकी काटेकोर आहे, की ते शक्य वाटत नाही. लॅटिन लिपीत ‘ऑगस्टस’ची अक्षरं उलटसुलट केली की ‘गुस्तावस’ होतं. ऑगस्टसची जागा रिकामी नव्हतीच. ती जहाज बांधून घेणाऱ्या राजानं स्वतःसाठी धरून ठेवली होती.

पिछाडीची भिंत तळापासून १९ मीटरांहून उंच. तिच्या माथ्यावर एक लांब केसांचा कोवळा मुलगा आहे आणि गरुडाचं डोकं व सिंहाचं धड असलेले दोन प्राणी त्याच्या डोक्यावर मुकुट धरून आहेत. हा मुलगा म्हणजे गुस्ताव. राजमुकुट आपण हिसकावलेला नाही, तो आपल्याला मिळाला आहे, असं ही भिंत सांगते. खाली बायबलमधल्या गिडियनचे योद्धे आहेत. मूठभर सैनिकांनिशी प्रचंड फौजेला हरवणारा हा सेनापती. लहानशा देशाच्या राजाला तो जवळचा वाटला, यात नवल नाही.

आणि नाळेजवळ एक पोलिश सरदार आहे. बाकाखाली उकिडवा बसलेला. त्या काळी पोलंडमध्ये खोटी निंदा करणाऱ्याला बाकाखाली शिरून आपले शब्द मागे घ्यावे लागत. शिक्षा त्यांचीच, मूर्ती त्यांच्याच सरदाराची आणि जागाही अशी, की जिथं खलाशी शौचाला जात. कारण त्या काळच्या जहाजांवर खलाशांची शौचाची सोय नाळेपाशी, थेट समुद्रावर असे. हा अपमान योगायोगानं जमलेला नाही.

हे सगळं रंगवलेलं होतं, तेही भडक. बरीच वर्षं अभ्यासकांची समजूत होती, की पार्श्वभूमी निळी आणि मूर्ती सोनेरी असणार. लाकडाच्या रेषांत अडकलेले रंगाचे बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर चित्र पालटलं. पार्श्वभूमी लालभडक होती आणि मूर्तींना कातडीचे, कपड्यांचे, केसांचे वेगवेगळे रंग होते. आज काळपट दिसणारा हा लाकडी दरबार बंदरात उभा होता तेव्हा जत्रेतल्या रथासारखा झळकत असणार.

इतकी शिल्पं लादली म्हणून जहाज बुडालं, असं अनेकदा ऐकायला मिळतं. ते खरं नाही. एकूण वजनात शिल्पांचा वाटा किरकोळच होता. खरा दोष सांगाड्याचा. पाण्याच्या वरचा भाग फार उंच आणि जड, आणि त्याला तोलून धरेल इतका रुंद तळ नाही. जहाज निघण्यापूर्वी ३० माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणी घेतली, तेव्हाच ते इतकं डोललं, की चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. तरीही प्रवास पुढं ढकलला गेला नाही. राजा प्रशियातल्या रणांगणावर वाट पाहत होता.

गलबत कोणाशी बोलतं?

वासासमोर उभं राहिल्यावर एक प्रश्न कुठल्याही जुन्या जहाजाला विचारता येतो. ही मूर्ती कोणाला दिसावी म्हणून कोरली? उत्तर दर वेळी वेगळं मिळतं, आणि त्या उत्तरात त्या काळचं जग दिसतं.

नॉर्वेत ओसेबर्ग इथं १९०४ साली एक जहाज जमिनीतून वर निघालं. इसवी सन ८३४च्या सुमारास दोन स्त्रियांसोबत ते पुरलेलं होतं. त्याची नाळ वर जाऊन सापाच्या वेटोळ्यासारखी वळते आणि दोन्ही बाजूंवर एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांची पट्टी आहे. तलवारीच्या मुठीवर शोभावी इतकी बारीक. अशा नाळेवरच्या डोक्यांविषयी आइसलँडच्या जुन्या कायद्यात एक कलम सांगितलं जातं: जबडा वासलेली डोकी किनारा दिसण्याआधीच उतरवून ठेवावीत, नाहीतर भूमीचे रक्षक आत्मे बिथरतील. म्हणजे ते डोकं माणसासाठी नव्हतंच. समुद्रातल्या अदृश्य शक्तींना ते दटावत होतं, आणि स्वतःच्या गावात आल्यावर माणूस जसा आवाज खाली करतो, तसं ते उतरवायचं होतं.

आपल्याकडे ‘युक्तिकल्पतरु’ हा संस्कृत ग्रंथ राजा भोजाच्या नावावर सांगितला जातो. नौकांची लांबी-रुंदी, लाकडाच्या जाती यांसोबत सजावटीचेही नियम त्यात आहेत. चार डोलकाठ्यांची नौका पांढरी रंगवावी, तिनांची तांबडी, दोनांची पिवळी आणि एकीची निळी. नाळेच्या तोंडाला सिंह, रेडा, साप, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक किंवा माणूस यांचा आकार द्यावा. नौकेला मोत्यांच्या आणि सोन्याच्या माळा घालाव्यात. इथं शत्रूला घाबरवण्याची घाई नाही. लांबून रंग पाहिला की किती डोलकाठ्यांची नाव येते आहे ते कळावं, तिची पत कळावी, अशी ही व्यवस्था आहे. घराच्या उंबरठ्यावरून जशी घराची ओळख पटते, तशी.

अरबी समुद्रावर हा नाळेचा पक्षी बराच काळ टिकला. कच्छ आणि काठेवाडकडची ‘कोटिया’ नावाची मोठी मालवाहू गलबतं विसाव्या शतकातही या किनाऱ्यावर ये-जा करत. त्यांच्या नाळेचा माथा मागं वळलेल्या पोपटाच्या डोक्यासारखा कोरलेला असे. कुवेतकडच्या ‘बगला’ जातीची जहाजं तशीच मोठी, पण त्यांच्या नाळेला पोपट नाही. खलाशाला क्षितिजावरची आकृती पाहून जहाज कोणत्या किनाऱ्याचं ते ओळखायला एवढी खूण पुरत असे. बगल्याची सजावट पिछाडीवर असे. तिथल्या कोरीव खिडक्या आणि नक्षीत युरोपीय जहाजांची छाया स्पष्ट दिसते. पोर्तुगीज इथं आले ते फक्त तोफा घेऊन नव्हे, आपल्या जहाजांच्या पाठीवरची वळणं घेऊनही.

मराठ्यांच्या ‘गुराब’ या लढाऊ जहाजांची नाळ मात्र वेगळ्या भाषेत बोलत होती. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं गुराबाचं वर्णन करून ठेवलं आहे. नाळ पुढं काढलेली आणि सखल, तिच्यामागे आडवी भिंत, त्या भिंतीत दोन खिडक्या आणि त्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळे फेकणाऱ्या दोन तोफा नाळेवरून थेट समोर रोखलेल्या. ज्या जागेवर युरोपीय जहाज सिंह बसवत असे, त्या जागेवरून आंग्र्यांचं गुराब गोळा फेकत असे. पाठलाग करताना पुढच्या जहाजाला जे सांगायचं ते गोळाच सांगे.

सोन्याचा हिशेब

वासा बुडाली तरी युरोपातल्या राजांचा मोह सुटला नाही. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सनं १६३७ साली ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ ही १०० हून अधिक तोफांची युद्धनौका पाण्यात उतरवली. काळ्या रंगावर नखशिखांत सोन्याचा वर्ख. नाळेवर घोड्यावर बसलेला एडगर हा जुना इंग्लिश राजा आणि घोड्याच्या टापांखाली चिरडले जाणारे सात राजे. सजावटीची आखणी टॉमस हेवूड या नाटककाराची. इतक्या मूर्ती होत्या, की त्यांचा अर्थ लोकांना कळावा म्हणून त्यानं एक पुस्तिकाच छापली. जहाजाचा एकूण खर्च ६५,५८६ पौंड आणि त्यातले ६,६९१ पौंड केवळ कोरीवकाम आणि सोनेरी वर्खाचे. तेवढ्यात एक साधी युद्धनौका उभी राहिली असती.

हा पैसा ज्या करातून येत होता त्यालाच ‘जहाजपट्टी’ म्हणत. संसदेला न विचारता बसवलेला हा कर लोकांना जाचत होता आणि पुढं राजाविरुद्ध पेटलेल्या यादवी युद्धाच्या कारणांत त्याचीही गणना होते. चार्ल्सचं हे जहाज डचांशी आणि फ्रेंचांशी बोलत होतं खरं, पण ते बोलणं त्याच्या स्वतःच्या रयतेलाही ऐकू जात होतं. रयतेला त्या वर्खात स्वतःच्या खिशातलं नाणं दिसलं. पुढं सतराव्या शतकाच्या शेवटी हे जहाज एका कलंडलेल्या मेणबत्तीमुळे जळून खाक झालं.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईनं तूलाँच्या गोदीत पिएर प्युजे या नामवंत शिल्पकाराला नेमलं. त्यानं पिछाडीवर माणसापेक्षा मोठ्या, हवेत झेपावणाऱ्या मूर्ती उभ्या केल्या. कप्तान वैतागले. या मूर्तींनी वारा अडायचा, वजन वाढायचं, शत्रूला नेम धरायला मोठं लक्ष्य मिळायचं. शेवटी लुईचा मंत्री कोल्बेर यानंच सजावट आवरायला सांगितलं. इंग्लंडनंही १७०३ साली कोरीवकामावर मर्यादा घातल्या आणि १७९६ साली तर नव्या जहाजांवर नाळेच्या मूर्तीऐवजी साधी वळणदार नक्षी पुरे, असा हुकूम काढला.

हा हुकूम पुरता कधी पाळला गेला नाही, कारण खलाशी ऐकेनात. त्यांच्या मते नाळेला मूर्ती नसलेलं जहाज म्हणजे आंधळं जहाज. पोर्ट्समथला उभ्या असलेल्या नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’वर ही तडजोड अजून दिसते. १७६५ सालची तिची मूळ मूर्ती प्रचंड आणि गुंतागुंतीची होती. १८०३ साली तिच्या जागी बसवलेल्या मूर्तीत राजचिन्ह धरलेली दोन गुटगुटीत बालकं आहेत, बस्स. ट्रफाल्गरची लढाई या बालकांनी पाहिली.

सागवानावरचा फेटा

याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी जहाजबांधणीकार ब्रिटिश नौदलासाठी मलबारी सागवानाच्या युद्धनौका बांधत होते. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. ओकच्या मानानं सागवान जास्त टिकतं, याचा पुरावा म्हणजे ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. १८२४ साली मुंबईतच तयार झालेल्या ८४ तोफांच्या ‘एशिया’वर तीन वर्षांनी नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापतीचं निशाण होतं. तिची नाळेवरची मूर्ती पोर्ट्समथला जपलेली आहे.

या दोन्ही जहाजांच्या नाळेवर फेटा बांधलेला पुरुष आहे. तो कुणी विशिष्ट माणूस नाही. ‘एशिया’ म्हणजे आख्खा आशिया खंड, आणि तो एका फेट्यात बसवलेला! ज्या हातांनी जहाज बांधलं त्या माणसांची, मुंबईच्या त्या सुतारांची ओळख त्या चेहऱ्यात शोधू नये. तो चेहरा लंडनच्या नजरेतला आहे. आमचं राज्य कुठपर्यंत पसरलं आहे, हे तो इंग्रजांनाच सांगतो. लाकूड मात्र आपलं, आणि दोनशे वर्षांनी फेट्यापेक्षा त्या लाकडाचीच कीर्ती मोठी ठरली.

व्यापारी जहाजांना राज्य सांगायचं नव्हतं, नाव सांगायचं होतं. चीनहून चहा आणणारी ‘कटी सार्क’ १८६९ साली स्कॉटलंडमध्ये बांधली गेली. तिच्या नाळेवर रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतली नॅनी ही तोकड्या वस्त्रातली चेटकीण आहे. पळणाऱ्या घोड्याला तिनं गाठलं ते शेपटीला धरून, म्हणून पुढं केलेल्या मुठीत घोड्याची शेपटी. जहाजाचं नावही तिच्या त्या तोकड्या वस्त्राचंच. वेगासाठी बांधलेल्या जहाजाला याहून चपखल मूर्ती कोणती मिळणार?

मग वाफ आली, लोखंड आलं, नाळ सरळ उभी झाली आणि मूर्तीला टेकायला जागाच उरली नाही. १८८४ साली पाण्यात उतरलेली ‘रॉडनी’ ही नाळेवर मूर्ती मिरवणारी शेवटची ब्रिटिश बॅटलशिप.

उघडी झाकणं

लाकडातलं हे बोलणं आपल्या किनाऱ्यावर अगदीच थांबलेलं नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी कोळीवाड्यांत होड्यांना नवा रंग चढतो, नाळेला हार पडतो. त्यांचं बोलणं दर्याशी आहे. त्याला नारळ द्यायचा, म्हणजे पुढचा हंगाम तो सांभाळून घेईल.

वासाच्या सिंहाला मात्र ज्याच्याशी बोलायचं होतं तो कधी भेटलाच नाही. सिगिस्मंडच्या एकाही सैनिकानं ते लाल-सोनेरी जबडे पाहिले नाहीत. प्रशियात वाट पाहणाऱ्या गुस्तावला जहाजाऐवजी ते बुडाल्याची बातमी मिळाली. चार वर्षांनी तो ल्युट्झेनच्या रणांगणावर मारला गेला आणि ऑगस्टसची राखून ठेवलेली जागा गाळाखाली रिकामीच राहिली. १९९० साली स्टॉकहोममध्ये वासाचं संग्रहालय उघडलं. तिथं तोफांच्या खिडक्यांची झाकणं वर उचलून ठेवलेली आहेत, जशी त्या दुपारी होती तशीच. खालून जाणाऱ्या गर्दीत पोलंडहून आलेले पाहुणेही असतात. ते सिंहाला घाबरत नाहीत. नाळेपाशी जाऊन ते आपला बाकाखालचा सरदार शोधतात, आणि सापडला की हसून त्याचा फोटो काढतात.